पहाटे पाचचा फोन : साक्री तालुक्यातून केनियाला गेलेल्या तरुण मिशनऱ्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातले एक गाव. घर भिल्ल समाजातले, ख्रिस्ती, बोली अहिराणी. जमीन तीन एकर. एक एकर विहिरीच्या पाण्यावर, तिथे उन्हाळी कांदा. उरलेली दोन एकर कोरडवाहू, तिथे मका आणि बाजरी. घरात वडील म्हणजे आबा, वय ५४, आई म्हणजे माय आणि बारावीतला धाकटा भाऊ. मोठी बहीण नंदुरबारकडे दिलेली. प्रकरण ज्याचे, तो थोरला मुलगा २४ वर्षांचा. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स, मग दोन वर्षांचे बायबल प्रशिक्षण. ओळख लपवण्यासाठी गाव, मंडळी (म्हणजे गावचे चर्च) आणि मिशन यांची नावे दिलेली नाहीत. घरी त्याला सगळे, मायसुद्धा, ‘भाऊ’ म्हणतात. इथेही तेच ठेवले आहे.

मंडळीने त्याला दोन वर्षांसाठी केनियाला पाठवले. नेमणूक पूर्वेकडच्या किटुई परगण्यात, एका आडगावच्या मिशन ठाण्यावर: दवाखान्याची सौरऊर्जेची यंत्रणा सांभाळायची, मुलांचा गट चालवायचा, रविवारी उपासनेत मदत करायची. केनियात मान्यता मिळालेल्या मिशनच्या माणसांना ‘आय’ वर्गाचा परवाना लागतो. तो वेळेत मिळाला आणि जानेवारीच्या मध्याला भाऊ निघाला.

खानदेशाला मिशनरी नवे नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक पश्चिम खानदेशात आले, तेव्हा त्यांची पत्रे बोटीने आठवडेच्या आठवडे प्रवास करत. पण इथल्या मंडळ्यांनी आजवर मिशनरी आलेले पाहिले होते. आपला मुलगा पाठवल्यावर मागे राहिलेल्या घराचे काय होते, याचा अनुभव या मंडळीत कोणाच्याच गाठीशी नव्हता.

निघण्याआधी काय ठरले, काय राहून गेले

पाठवणी समिती तिघांची होती: पाळक, एक निवृत्त परिचारिका आणि एक शिक्षक. कागदपत्रांची तयारी त्यांनी चोख केली. पीतज्वराची लस मुंबईच्या अधिकृत केंद्रात दिली. तिचे पिवळे प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते, म्हणून ती महिनाभर आधीच उरकली. मलेरिया टाळण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेफ्लोक्विनची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली. विमा, भत्ता, वरिष्ठांशी महिन्यातून एक बोलणे, सगळे कागदावर आले.

तीन गोष्टी कागदावर आल्या नाहीत. पहिली, भाऊ घरात जे काम करत होता ते आता कोण करणार. बागायतातला कांदा त्याच्याच हातावर चालायचा. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीला स्टार्टर टाकायला आणि बारी, म्हणजे पिकाला पाणी, द्यायला तोच जायचा. पिंपळनेरच्या बाजारात कांदा नेणे, अडत्याकडून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, समजून घेणे हेही त्याच्याकडेच. दुसरी, घरात दुखणेखुपणे झाले तर त्याला कोण आणि कधी सांगणार. तिसरी, तातडीने परतायची वेळ आली तर पैसा कुठला आणि रजा कोणत्या नियमाने. करारात लिहिलेली एकच भेट होती, बारा महिने पूर्ण झाल्यावर.

अडचण कशी दिसू लागली

पहिले सहा-सात आठवडे बरे गेले. नवी माणसे, नवी भाषा, दवाखान्याच्या बॅटऱ्यांचे रखडलेले काम. मार्चमध्ये घरी कांदा काढणीला आला. आबांनी मजूर लावले, पण रात्रीच्या बाऱ्या स्वतःच दिल्या होत्या आणि ते थकले होते. माल बाजारात गेला त्या दिवशी भाव पडलेला होता. भाऊने ठाण्यावरच्या खोलीत बसून फोनवर पट्टीचा फोटो पाहिला. ‘मी असतो तर चार दिवस थांबवला असता,’ हे वाक्य त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक बोलण्यात येत राहिले.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याची, वर्षे याच दिवशी संपतात आणि सुरू होतात. हे घर ख्रिस्ती असले तरी बहिणीच्या माहेरपणाचा दिवस आखाजीच. सगळ्यांनी मिळून व्हिडिओ कॉल लावला. बहिणीच्या लहान मुलाने फोन हातात घेतला आणि झोक्यावर बसूनच मामाला झोका दाखवला. पडद्यावर आभाळ, चिंचेची फांदी, आभाळ, फांदी. भाऊने दोन मिनिटांत कॉल बंद केला आणि रेंज गेली असे सांगितले. रेंज गेली नव्हती.

जूनपासून खाणे कमी झाले. झोप तुटू लागली, भयंकर स्वप्ने पडू लागली, त्यांत आबा विहिरीत पडलेले दिसत. मुलांच्या गटाला तो दोनदा गेलाच नाही. ठाण्याचे प्रमुख वयस्क केनियन पाळक होते. त्यांनी जुलैच्या अखेरीस मंडळीला कळवले: मुलगा कामात चांगला आहे, पण संध्याकाळी खोलीबाहेर येत नाही, फोन घेऊन बसतो, आणि महिनाभरात बराच वाळला आहे.

नेमके काय बिघडले होते

समितीची पहिली बैठक भरकटली. एका सदस्याने मत्तय १०:३७ चा आधार घेतला. आईबापावरची प्रीती पाचारणापेक्षा मोठी होता कामा नये, त्याने प्रार्थना वाढवावी, असा सूर लागला. पाळकांनी त्याच बायबलमधला एपफ्रदीत आठवून दिला. आजारी पडलेला आणि आपल्या माणसांसाठी झुरणारा हा सहकारी पौलाने स्वतः फिलिप्पैला परत धाडला आणि त्याचा मान राखा असे लिहिले (फिलिप्पैकरांस २:२५-३०). या बैठकीतला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण होता. घराची ओढ ही विश्वासातली खोट नाही, हे आधी मान्य झाले, म्हणूनच पुढची चौकशी प्रामाणिक झाली. नाहीतर भाऊने ‘सगळं ठीक आहे’ म्हणून विषय मिटवला असता.

चौकशी परिचारिकाबाईंकडे दिली. त्यांनी सल्ला दिला नाही. दोन आठवडे वही ठेवायला सांगितली: किती वाजता झोपलास, कधी जाग आली, कशाने आली, काय खाल्लेस, घरी किती वेळा बोललास, गोळी कोणत्या दिवशी घेतलीस. वहीने तीन वेगवेगळी कारणे दाखवली.

पहिले कारण घड्याळाचे. केनिया भारताच्या अडीच तास मागे आहे. माय पहाटे पाचला उठते, चूल पेटवते. घर शांत असते, फोन रात्रभर चार्ज झालेला असतो. तेव्हाच ती लेकाला फोन लावायची. ‘उठना का रे भाऊ?’ तिकडे तेव्हा रात्रीचे अडीच. भाऊ दर वेळी ‘उठलो’ म्हणायचा. इतक्या महिन्यांत त्याने हे मायला एकदाही सांगितले नाही, कारण तिच्या दिवसातली मोकळी वेळ तेवढीच होती. त्यात भर म्हणजे तिथल्या स्वाहिली भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळच्या सातला ‘एक वाजला’ म्हणतात. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने ठाण्यावरच्या वेळाही त्याच्या डोक्यात नीट बसत नव्हत्या. झोपेचे गणित दोन्ही बाजूंनी मोडले होते.

दुसरे कारण गोळीचे. मेफ्लोक्विनमुळे काहींना झोप न येणे, भडक स्वप्ने, घाबरेपणा, उदासी असा त्रास होतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये या औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला तो याच मानसिक आणि मज्जासंस्थेच्या परिणामांसाठी. भाऊ रविवारी गोळी घेत होता आणि वहीत वाईट स्वप्नांच्या खुणा रविवार-सोमवारला जास्त होत्या. निघण्याआधी हा दुष्परिणाम त्याला कोणी सांगितला नव्हता, म्हणून विहिरीतले स्वप्न त्याला घरावरच्या संकटाचा इशारा वाटत होते.

तिसरे कारण मुळातले, आणि ते वहीतल्या शेवटच्या रकान्यात होते. घरच्यांशी तो रोज सरासरी दीड तास बोलत होता, पण त्यात त्याच्या हाताला काम काहीच नव्हते. कांदा, लाईट, मजूर, भाव, सगळे ऐकायचे आणि ‘मी असतो तर’ म्हणायचे. आठवण कोणाला येत नाही? त्याला मोडत होते ते घरातले आपले ठिकाण गेल्याचे दुःख. फोन जितका जास्त, तितकी ती रिकामी जागा रोज नव्याने दिसत होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय कायमचे परत बोलावण्याचा. आबा-माय त्याला तयार होते. भाऊ स्वतः मात्र ‘अर्ध्यातून आलेला’ हा शिक्का घेऊन गावात उभे राहायला घाबरत होता. परतीचे कारण झोप आणि गोळी हे असेल, तर आधी ती दुरुस्त करून पाहायला हवीत, असे ठरले.

दुसरा पर्याय फोन जवळजवळ बंद करण्याचा. यामागे अनुभव आहे. लॅटर-डे सेंट्स चर्चच्या तरुण मिशनऱ्यांना कित्येक वर्षे घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला, करता येत असे. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनीच तो नियम बदलून दर आठवड्याला बोलण्याची मुभा दिली. या प्रकरणात फोन तोडला असता तर मायच्या हातातली एकुलती दोरी गेली असती, आणि तिचा यात काहीच दोष नव्हता.

तिसरा, लगेच महिनाभर घरी आणण्याचा. यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. झोप मोडलेल्या, गोळीने घाबरलेल्या अवस्थेत घरी आलेला मुलगा परत जाण्याचा निर्णय नीट घेऊ शकणार नाही, असे परिचारिकाबाईंचे म्हणणे. शिक्षकांचे मत उलट होते: माणूस एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भीती जात नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

चौथा पर्याय तिथेच राहून रोजचा दिवस नव्याने बसवण्याचा. तो निवडला, सहा आठवड्यांची मुदत ठेवून. सोबत एक अट घातली: सलग दोन आठवडे उदासी हटली नाही, जेवण-झोप गेलीच, किंवा जगणे नको असा विचार एकदाही आला, तर मुदत मोडून ताबडतोब डॉक्टर आणि परतीचे तिकीट. हे भाऊला आणि ठाण्याच्या प्रमुखांना स्पष्ट शब्दांत सांगितले. घरच्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिला, कारण मायचीही झोप उडाली होती आणि तिथे मराठीत बोलता येते.

काय केले

गोळी बदलण्यासाठी नैरोबीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मेफ्लोक्विन बंद करून रोज डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिले: जेवणावर, भरपूर पाण्याबरोबर, गिळल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही, उन्हात डोके-हात झाकायचे, आणि मलेरियाचा भाग सोडल्यावरही चार आठवडे चालू ठेवायचे. मेफ्लोक्विन शरीरातून निघायला आठवडे लागतात, हेही सांगितले. त्यामुळे स्वप्ने लगेच थांबली नाहीत तेव्हा तो घाबरला नाही.

फोनची घडी बसवायला पाळक स्वतः घरी गेले. सोबत एक साधे भिंतीवरचे घड्याळ नेले, ते अडीच तास मागे लावले आणि दारावर टांगले. खाली खडूने लिहिले: ‘भाऊचे घड्याळ’. मायला वाचता येत नाही, पण घड्याळ कळते. पहाटे पाचला तिने त्यात अडीच पाहिले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग तिला व्हॉट्सअॅपवर आवाज नोंदवायला शिकवले. अंगठा दाबून धरायचा, बोलायचे, सोडायचा. पहाटेची वेळ तिचीच राहिली. फक्त फोन वाजायचा थांबला. भाऊ साडेपाचला उठून ते ऐकू लागला. पहिल्या काही संदेशांत मायने काही सांगितलेच नाही. भाकरी थापल्याचा आवाज, फुंकणीची फुंकर, कोंबडा, आणि शेवटी ‘बरं, ठेवस.’

थेट बोलणे आठवड्यातून दोनदा ठरले. बुधवारी आपल्याकडे रात्री आठ, म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेपाच. रविवारी दुपारी तीन, म्हणजे तिकडे उपासना सुटल्यावर साडेबारा. रात्री नऊनंतर भाऊचा फोन बंद. खरोखर तातडीचे असेल तर ठाण्याच्या प्रमुखांच्या फोनवर, आणि तो क्रमांक फक्त पाळकांकडे.

तिसऱ्या कारणावरचा उपाय सर्वांत जास्त लागू पडला. घरातले काम त्याला परत दिले. त्या दोन बोलण्यांशिवाय शनिवारी पंधरा मिनिटे आबा आणि भाऊ फक्त शेतीचे बोलणार. कांद्याचा हिशेब भाऊच्या वहीत, बाजारभाव तो ऑनलाइन पाहून कळवणार, कोणत्या दिवशी माल न्यायचा यावर त्याचे मत विचारले जाणार. रात्रीच्या बाऱ्यांसाठी मंडळीच्या तरुण संघाने पाळी लावली आणि काढणीला दोन दिवस सावड देण्याचे, म्हणजे हातभार लावायला येण्याचे, कबूल केले. उपकार नव्हता तो. या घरचा माणूस मंडळीने नेला होता.

तिकडच्या बाजूने ठाण्याच्या प्रमुखांनी त्याला कुंपणाबाहेर काढले. किटुई कोरडा मुलूख आहे. नद्या वर्षातला बराच काळ वाळूच्या असतात. बाया त्या वाळूत खड्डे खणून वाटीवाटीने पाणी काढतात आणि पिवळ्या कॅनमध्ये भरून गाढवावर नेतात. भाऊने ते पाहिले आणि म्हणाला, हा तर झिरा. उन्हाळ्यात आपल्या पांझरा नदीच्या पात्रात हेच चालते. त्या भागात नदीत आडवी पक्की भिंत घालून तिच्यामागे वाळू साठू देतात, म्हणजे पाणी वाळूच्या कणांत राहते, उन्हाने उडत नाही. असा वाळूचा बंधारा बांधणाऱ्या गावगटात तो आठवड्यातून तीन दुपारी जाऊ लागला. पांझरेवर जुने बंधारे आणि फड पद्धत आहे, पाण्याची पाळी गाव मिळून ठरवते, हे तो त्यांना तिथल्या किकांबा भाषेत मोडकेतोडके सांगू लागला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला सांगण्यासारखे काही सापडले होते.

जेवणाचेही तसेच. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. पोट भरायचे, पण तोंडाला भाकरी हवी असायची. त्या भागात ज्वारी पिकते, तिला म्तामा म्हणतात. पहिल्या भाकऱ्या तव्यावर जायच्या आधीच फुटल्या: दुकानातले पीठ जुने होते, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली होती. मग दाणे आणून गिरणीतून ताजे, बारीक दळून घेतले, कढत पाण्यात मळले, कोळशाच्या शेगडीची आच राखेने मंद केली. चौथ्या खेपेला भाकरी फुगली. दर शनिवारी सात-आठ भाकऱ्या होऊ लागल्या आणि दवाखान्यातली माणसे सुकुमा विकी या तिथल्या पालेभाजीबरोबर खाऊ लागली.

सप्टेंबरअखेर वहीत सलग सहा तासांची झोप दिसू लागली. मुदत वाढवली.

नऊ दिवस लपवलेली बातमी

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आबांना लकवा मारला. उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू. धुळ्याला नेईपर्यंत वेळ गेला, पण जीव वाचला. दवाखान्याच्या दारातच काकांनी ठरवले की भाऊला कळवायचे नाही. तो आत्ता कुठे सावरला आहे. पाळकांनी ‘दोन दिवस थांबू’ म्हणून मान्य केले. दोनाचे नऊ झाले. माय रोज पहाटे संदेश पाठवत राहिली. शनिवारी आबा बोलायला का आले नाहीत, यावर उत्तर: ‘आबा वावरमा गयात.’

नवव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, चुलत भावाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर भाऊने फोटो पाहिला. पलंग, नळी, आणि खाली लिहिलेले: लवकर बरे व्हा.

त्याने मायला फोन लावला नाही. ठाण्याच्या प्रमुखांकडे गेला आणि म्हणाला, आता घरातल्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवता येणार नाही. गेल्या दोन महिन्यांतले सगळे संदेश त्याने पुन्हा ऐकले, आणखी काय लपवले असेल ते शोधण्यासाठी. प्रेमापोटी केलेल्या या लपवाछपवीने जे नुकसान केले, ते आजाराच्या बातमीने केले नसते, असे समितीचे नंतरचे स्पष्ट मत आहे.

त्या रात्रीच परतायचे ठरले. अडले ते कागदांवर. पासपोर्ट आणि पिवळे प्रमाणपत्र नैरोबीच्या कार्यालयातल्या कपाटात होते आणि कार्यालय सोमवारी उघडणार होते. पिवळ्या प्रमाणपत्राशिवाय केनियातून भारतात उतरले तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतात, म्हणून ते सोडून निघणेही शक्य नव्हते. सोमवारी सकाळी कागद हातात, संध्याकाळचे विमान, रात्रीत मुंबई, मग नाशिक, सटाणा, ताहाराबाद, पिंपळनेर. मंगळवारी संध्याकाळी तो घरी पोचला. कागद त्याच्या पेटीत असते तर रविवारी पोचला असता. तिकीट ऐनवेळचे म्हणून महाग पडले. पाळकांनी उसने घेतले आणि मंडळीने पुढे चार रविवारच्या दानातून फेडले.

घरी पाच आठवडे, आणि एक कठीण कागद

डॉक्सिसायक्लिन घरी आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायचे होते. गडबडीत गोळ्या तिकडेच राहिल्या, धुळ्यातून घेतल्या.

आबांचे बोलणे तीन आठवड्यांत बरेच सुधारले. मग पाळकांनी सगळ्यांना बसवून तो प्रश्न काढला, जो जानेवारीत निघायला हवा होता. उद्या आबा-मायपैकी कोणाचे बरेवाईट झाले, तर भाऊसाठी थांबायचे का? हिशेब मांडला: मिशनच्या ठाण्यापासून नैरोबी अर्धा दिवस, विमान मिळायला कमीत कमी एक दिवस, मुंबईहून गाव आणखी अर्धा दिवस. सगळे सुरळीत झाले तरी दोन दिवस. तोवर विजेवर गार राहणारी शवपेटी धुळ्याहून आणावी लागेल आणि गावात रात्रीची लाईट भरवशाची नाही. माय म्हणाली, थांबायचे. आबा म्हणाले, माझी माती, माझा दफनविधी, थांबवू नका, त्याने नंतर येऊन स्मरण प्रार्थनेला उभे राहावे. भाऊ बराच वेळ काहीच बोलला नाही. शेवटी आबांचे आबांसाठी आणि मायचे मायसाठी, असे दोन वेगळे निर्णय लिहिले. सह्या झाल्या, मायने अंगठा दिला. सोबत एक ओळ: घरात कोणालाही दवाखान्यात भरती केले तर चोवीस तासांत भाऊला कळवायचे, आणि कळवणारी व्यक्ती बहीण. काका नाहीत, पाळकही नाहीत. बहिणीवर भाऊचा विश्वास शाबूत होता, एवढेच कारण.

परत जायचे की नाही हा निर्णय भाऊवर सोडला. नाताळ करून जा, असा घरचा आग्रह होता. त्याने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातले तिकीट घेतले. नाताळनंतर संक्रांत येईल आणि संक्रांतीनंतर कांदा, असे तो बहिणीला म्हणाला.

परिणाम

भाऊने २४ पैकी २३ महिने पूर्ण केले आणि दुसऱ्या वर्षी नाताळच्या आधी घरी आला. मिशनने आणखी एक वर्ष देऊ केले होते. त्याने नाही म्हटले. वाळूचा बंधारा तोवर पुरा झाला होता आणि एका पावसाळ्याची वाळू त्यात बसली होती. आबा डाव्या हाताने जेवतात, वावरात जातात, रात्रीची बारी मात्र देत नाहीत. दुसऱ्या वर्षी उदासीचे दोन झटके आले, एक आखाजीला, एक पावसाळ्यात. दोन्ही वेळा त्याने स्वतःहून ठाण्याच्या प्रमुखांना सांगितले. मायवरचा राग जायला मात्र कित्येक महिने लागले. तो तिचे पहाटेचे संदेश ऐकायचा, पण उत्तर देत नसे. फेब्रुवारीत एके दिवशी त्याने भाकरी थापल्याचा आवाज नोंदवून पाठवला.

वेगळे काय करता आले असते

मेफ्लोक्विन लिहून दिले त्याच दिवशी मनावर होणारे दुष्परिणाम सांगायला हवे होते आणि निघण्याआधी तीन-चार आठवडे गोळी इथेच सुरू करून पाहायला हवी होती. त्रास होणार असेल तर बऱ्याचदा तेवढ्यात कळतो, आणि पर्याय घरी असतानाच बदलता येतो.

घरातल्या कामांची यादी निघण्याआधी करायला हवी होती. या मंडळीने आता तशी पद्धत घातली आहे: मुलगा किंवा मुलगी घरात काय काय करते ते घरच्यांनी सांगायचे, आणि प्रत्येक कामापुढे ते कोण घेणार त्याचे नाव लिहिल्याशिवाय पाठवणीची तारीख ठरत नाही. पासपोर्ट आणि पिवळे प्रमाणपत्र सेवकाच्या स्वतःच्या ताब्यात राहते. कार्यालयाकडे फक्त प्रती. परतीच्या तिकिटाची रक्कम, सध्या ६०,००० रुपये, पाठवणीच्या दिवशीच वेगळ्या खात्यात ठेवली जाते आणि तिला दुसऱ्या कशासाठी हात लावत नाहीत.

‘दोन दिवस थांबू’ हा पाळकांचा निर्णय चुकला, हे त्यांनी स्वतः भाऊपुढे मान्य केले. पहिल्याच दिवशी बहिणीकडून कळवले असते तर तो तेव्हाही आलाच असता, पण घरावर विश्वास ठेवून आला असता.

फोनची घडी सातव्या महिन्याऐवजी पहिल्या आठवड्यात बसवता आली असती. त्याला लागले ते एक घड्याळ आणि एक संध्याकाळ. मायच्या पहाटेच्या फोनबद्दल समितीने तिला आधी विचारले असते तर इतके महिने कोणाचीच झोप मोडली नसती. सगळे प्रश्न भाऊला विचारले गेले, मायला कोणी काही विचारलेच नव्हते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही बैठकीत वेळेवर आली नाही. आबा आजारी पडले तेव्हा धाकटा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. रुग्णालयात तोच बसला, नंतर बाऱ्याही त्यानेच दिल्या, आणि त्याचे ते वर्ष गेले. भाऊच्या झोपेची वही होती, मायसाठी घड्याळ होते. धाकट्याने परीक्षेचा अर्ज भरलाच नाही, हे समितीला जानेवारीत कळले. पुढच्या वर्षी फी मंडळीने भरली. पाठवणीच्या अर्जावर आता आईवडिलांच्या सहीखाली मागे राहणाऱ्या भावंडांच्या सहीची ओळ आहे, आणि सही घेण्याआधी परिचारिकाबाई त्यांच्याशी एकट्याने बोलतात.